आकडा वर येईपर्यंत

माझं काम म्हणजे वजनकाटे खोटं बोलतात का ते बघणं. दुकानांचे, गोदामांचे, औषधं बनवणाऱ्यांचे काटे आमच्या प्रयोगशाळेत येतात. मी त्यांच्यावर प्रमाण वजनं ठेवते, आकडा बघते आणि खरा निघाला तर सील मारते. प्रमाण वजनाला बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायचं, कारण बोटाचा घामसुद्धा वजनात धरला जातो. मोजताना पंखा बंद. मोजताना टेबलाला टेकायचं नाही. सहा वर्षांत मी सील मारलेला एकही काटा तक्रार होऊन परत आलेला नाही. ही फुशारकी नाही. पुढे जे झालं त्यात माझी शोभा किती मोठी झाली ते कळावं म्हणून सांगतेय.

त्याच टेबलाच्या कोपऱ्यात माझा फोन उभा असतो, आणि फोनवर माझ्या मुलीच्या अंगातली साखर.

मुंगी आठ वर्षांची. हे तिचं घरातलं नाव, तिच्या बाबानं ठेवलेलं, कारण रांगायची तीच मुळी भिंतीच्या कडेकडेनं. तेव्हा साखरेशी आमचा काही संबंध नव्हता. पाचव्या वर्षी तिच्या शरीरानं इन्सुलिन बनवणं बंद केलं आणि नाव बदलायचं राहून गेलं. आता तिच्या कमरेच्या पट्ट्यात साबणाच्या वडीएवढा पंप असतो. त्यातून बारीक नळीनं दिवसभर थेंबथेंब इन्सुलिन जातं. डाव्या दंडाच्या मागे मोठ्या बटणाएवढा सेन्सर चिकटवलेला असतो. तो दर पाच मिनिटांनी साखर मोजतो आणि पंपाला, तिच्या दप्तरातल्या फोनला आणि मला कळवतो. एक आकडा, शेजारी एक बाण. साखर फार खाली जायला लागली की पंप आपोआप थांबतो आणि सगळी यंत्रं एकदम बोंबलायला लागतात.

सेन्सर लहरी. दहा दिवस टिकतो असं म्हणतात. पहिल्या दिवशी तो कोणालाच ओळखत नाही आणि नवव्या दिवसापासून त्याला निवृत्तीचे वेध लागतात. मधल्या दिवसांत बरा असतो, पण तेही त्याच्या मनावर. असा काटा माझ्या प्रयोगशाळेत आला असता तर सील सोडाच, मी त्याला दारातूनच परत पाठवला असता. पण ह्याच काट्याकडे मी जेवताना, अंघोळीहून आल्यावर, साहेबांशी बोलताना दिवसातून दोनशे वेळा बघते. नवरा म्हणतो, "सवत फक्त बायकांनाच असते असं मी समजत होतो."

शाळेतल्या वर्गाच्या भिंतीवर माझा एक कागद लावलेला होता. प्लास्टिकमध्ये बसवलेला, सात नियमांचा. त्यामागे कारण होतं. मागच्या महिन्यात एकदा तिची साखर खरोखरच एक्केचाळीसवर गेली. बाई मला फोन लावत होत्या तेवढ्यात ही उठून भलतीकडेच चालायला लागली आणि जिन्यावरून पडली. हनुवटीला दोन टाके. त्या संध्याकाळी मी कागद लिहिला. नियम पहिला, आईला फोन करावा. नियम दुसरा, तिला डाव्या दंडाला घट्ट धरून खुर्चीत बसवावे, उजवा हात ज्यूस धरण्यासाठी मोकळा असावा. आकडा ऐंशीच्या वर येईपर्यंत सोडू नये. नियम तिसरा, वेळ न घालवता ज्यूस द्यावा. नियम चौथा, त्यानंतर बोट टोचून रक्ताची तपासणी करावी. 'घट्ट' ह्या शब्दाखाली दोन रेघा होत्या. पुढचे तीन नियम मी आता सांगत नाही, त्यांनी काही बिघडवलं नाही.

तर तिसरीची सहल ठरली. बिस्किटांच्या कारखान्यात. जगात बघण्यासारखी इतकी ठिकाणं असताना शाळेला हेच सापडलं. शुक्रवारी जायचं आणि सोमवारी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर वर्गाची नोंदवही उघडी होती आणि शेजारी मुंगीच्या वर्गबाई उभ्या होत्या. वर्गबाई शाळेच्या व्हॉलीबॉलच्या मुलींनाही शिकवतात. त्यांनी नुसतं पुस्तक मिटलं तरी मागच्या बाकावर ऐकू जातं.

"तीन आठवड्यांत अकरा वेळा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"सेन्सर थोडा कमीजास्त दाखवतो."

"थोडा? हे बघा. चौऱ्याहत्तर, मग बासष्ट, मग छप्पन. हे दुसरं. अठ्ठ्याहत्तर, पासष्ट, एकोणसाठ. एकदा अलार्म वाजला की खालीच जातो. आणि बाई तुमच्या कागदाप्रमाणे वागतात. कानामात्रा सोडत नाहीत."

"अजिबात सोडत नाही मी," वर्गबाई म्हणाल्या. "परवा गणिताचा अख्खा तास धरून होते. डाव्या हातानं हिला, उजव्या हातानं फळ्यावर भागाकार."

मला भरून आलं. इतकी जीव लावणारी बाई मिळायला नशीब लागतं, असंच मला वाटलं.

"कारखान्यात भट्ट्या आहेत, पट्टे फिरत असतात," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिथे ही अशी छप्पनवर गेली तर? तुम्ही सोबत या, नाहीतर तिला त्या दिवशी घरी ठेवा. मला वाईट वाटतंय, पण दुसरं काही सुचत नाही."

मी लगेच सोबत यायला तयार झाले. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

मुंगीला नको होतं.

"तू येणार असशील तर मी नाही जात," संध्याकाळी ती म्हणाली.

"का गं?"

"तू बसमध्ये माझ्या शेजारी बसशील."

"मग काय झालं?"

"शेजारी कोण बसणार ते ठरलंय. एक महिना झाला ठरून." तिनं पंपाचा पट्टा सारखा केला, वकील कोट सारखा करतात तसा. "आणि प्राणिसंग्रहालयात तू माझ्या मागे मागे पिशवी घेऊन फिरत होतीस. माकडंसुद्धा तुझ्याकडेच बघत होती."

"ती पिशवीकडे बघत होती."

"तुझ्याकडे. मी बघितलंय."

नवरा वर्तमानपत्राआडून म्हणाला, "जाऊ दे की तिला एकटीला. आणि आलंच एखादं माकड तुझी चौकशी करायला तर—"

"तू गप्प बस."

मुंगी हसली नाही. ती नुसती म्हणाली, "सगळे जाणार आहेत. पुढच्या वर्षी पण तू येणार. दहावीला पण येणार. माझ्या लग्नात तू मधे बसणार." मग तिचा आवाज चिरकला आणि तिनं पाठ फिरवली. ती रडते तेव्हा पाठ फिरवते. त्याला मी एरवी फसत नाही, पण तेवढ्यात अलार्म वाजला. पंच्याहत्तर, बाण खाली.

मी तिला ओढून मांडीवर घेतलं, तिचा डावा दंड माझ्या छातीशी दाबून धरला आणि नवऱ्याला म्हटलं, ज्यूस आण. तो पळाला. पंप थांबल्याची शिट्टी झाली. पाच मिनिटांनी अडुसष्ट. मी आणखी जवळ घेतलं. एकसष्ट. मुंगी शांतपणे स्ट्रॉनं ज्यूस पीत माझ्या खांद्यावरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मग मी तिला सोडून तपासणीचा डबा आणला, बोट टोचलं. एकशे ब्याण्णव.

"बघ," मी नवऱ्याला म्हटलं, "ज्यूसनं काम केलं."

"फारच जोरात केलं," तो म्हणाला. "परवाही असंच. एकसष्टचे एकदम दोनशे."

"सेन्सर मागे असतो. रक्त पुढे असतं." हे पुस्तिकेत आहे आणि खोटं नाही. जेवायच्या वेळेला ती दोनशे ऐंशीवर होती. दुपारीही वरचेवर अशीच चढत होती, म्हणून डॉक्टरांनी मागच्याच आठवड्यात दुपारचा डोस वाढवून दिला होता. सगळ्यांचं सगळं आपापल्या जागी बरोबर चाललेलं होतं.

मंगळवारी प्रयोगशाळेत गेल्यावर मी एक काम केलं, ते सांगायला हवं. बिस्किटांच्या त्या कारखान्याचे मोठे काटे जागेवर जाऊन मीच तपासते. त्यांची तपासणी पुढच्या महिन्यात होती. मी ती शुक्रवारवर आणण्याचा अर्ज भरला. कारण लिहिलं, 'प्रशासकीय सोय'. म्हणजे मुंगीला सांगायचं, मी येत नाही, जा. आणि भट्टीच्या बाजूला हातात वजनांची पेटी घेऊन आपण उभं राहायचं. ह्यात मला त्या वेळी काहीच वावगं दिसलं नाही.

अर्ज सहीसाठी नानांच्या पुढे सरकवला आणि आम्ही कामाला लागलो. नाना माझ्यासोबत नोंदी घेतात, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत आणि त्यांचे गुडघे त्यांच्याही आधी निवृत्त झालेत. एका औषधवाल्याचा नाजूक काटा काचेच्या पेटीत ठेवला होता. मी पन्नास ग्रॅमचं वजन ठेवलं. आकडा स्थिर होईना. शेवटचे दोन अंक खाली खाली घसरत चालले.

"बिघडलाय," नाना म्हणाले. "मघापासून खालीच जातोय. मी बघतोय ना, लक्ष ठेवून आहे." आणि आणखी नीट लक्ष ठेवायला ते आणखी पुढे वाकले, टेबलावर दोन्ही कोपरं रोवून.

"नाना, हात काढा."

"हो, पण खाली चाललाय तो—"

"तुम्ही धरून ठेवलंय म्हणून चाललाय. वजन नाही मोजत आहात तुम्ही, तुमचे हात मोजताय. सोडा, आपोआप वर येईल."

नानांनी हात काढले. टेबल सरळ झालं. आकडा एकदोनदा थरथरला आणि पन्नासवर येऊन गुमान बसला.

मी दुसरं वजन चिमट्यानं उचललं आणि ते ठेवायचं विसरले.

सेन्सर रक्त मोजत नाही, कातडीखालचं पाणी मोजतो. तिथे दाब पडला की पाणी बाजूला सरतं आणि साखर खाली गेल्यासारखी दिसते. हे मला माहीत होतं. पुस्तिकेच्या अठराव्या पानावर आहे, मी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली आहे. झोपेत दाब येऊ नये म्हणून आम्ही तिला उजव्या कुशीवर झोपायची सवय लावली. उशीवर, गादीवर, पलंगाच्या कडेवर, सगळ्यांवर मी संशय घेतला होता. माझ्या हातावर नाही.

"ताई," नाना म्हणाले, "वजन हातात राहिलंय."

मी ते पेटीत ठेवलं आणि नानांच्या पुढ्यातला अर्ज परत घेतला.

"आता सही करणार होतो की."

"राहू दे. प्रशासकीय सोय झाली."

मुंगी शाळेतून आल्यावर मी तिला हात धुवायला लावले, माझेही धुतले आणि बोट टोचलं. एकशे अठरा. सेन्सर म्हणत होता एकशे अकरा. छान. मग तिला माझ्या शेजारी बसवलं, हातात चित्रांचं पुस्तक दिलं आणि तिचा डावा दंड रोजच्यासारखा धरला. वर्गबाई धरतात तसा, नियमाप्रमाणे घट्ट.

पाच मिनिटांनी एकशे दोन. मग अठ्ठ्याऐंशी. नवरा कामावरून आला तो दारातच उभा राहिला. मी त्याला खुणेनं गप्प केलं. त्र्याहत्तर. अलार्म. चौसष्ट. त्याचा हात सवयीनं ज्यूसकडे गेला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं आणि दुसरं बोट टोचलं.

एकशे सोळा.

मुंगीनं पान उलटलं.

"झालं?" ती म्हणाली. "आता सोड. मग येतो वर."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"बाई धरतात तेव्हा येत नाही. बाईंना कोणी दाराशी बोलावलं की येतो." ती मान वर न करता म्हणाली, जसं काही फळ्यावरची तारीख सांगतेय.

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं विचार केला. "ज्यूस मिळतो," ती म्हणाली. नवरा खोकला. मग ती म्हणाली, "आणि बाई तुझ्या कागदाप्रमाणे करतात. कागदावर तू रेघा मारल्यात. आणि तुला पण बरं वाटतं, धरून."

माझ्या हातात अजून तिचा दंड होता. मी तो सोडला. दहा मिनिटांनी आकडा नव्वदवर आला, मग एकशे आठ. कोणाचीही मदत न घेता.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे दुपारी ती चढत होती ती ज्यूसमुळे आणि पंप थांबल्यामुळे. वाढवलेला डोस आजच परत खाली आणा." आणि मग थोड्या वेळानं, "तुम्ही मोजमाप खात्यातच आहात ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

बुधवारी मी नवीन कागद घेऊन शाळेत गेले. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. वर्गबाई स्वतःच्या हाताकडे बघत होत्या.

"म्हणजे माझ्यामुळे?" त्या म्हणाल्या.

"माझ्या लिहिण्यामुळे. तुम्ही कानामात्रा सोडला नाहीत, हेच नडलं."

"अकरा वेळा मी त्या पोरीला..." त्यांनी हात पाठीमागे बांधले, शिक्षा झाल्यासारखे. "मला वाटायचं, मी सोडलं तर हिला काहीतरी होईल."

"मलाही तेच वाटायचं."

मोठ्या बाईंनी नवा कागद वाचला. नियम पहिला, तिचे हात धुवावेत. नियम दुसरा, बोट टोचून बघावे. नियम तिसरा, तपासणीतला आकडा सत्तरच्या खाली असेल किंवा तपासणी जमत नसेल तर ताबडतोब ग्लुकोजच्या गोळ्या द्याव्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचावे. नियम चौथा, शेजारी बसावे; डाव्या दंडाला हात लावू नये.

"आईला फोन करावा, हे कुठे आहे?"

"सातवा," मी म्हटलं. तो पहिल्यावरून सातव्यावर न्यायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली होती.

"आणि सहलीला तुम्ही?"

मी वर्गबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मी असेन जवळ. हात बांधून." मोठ्या बाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि यादीत मुंगीच्या नावापुढे बरोबरची खूण केली. पेन्सिलीनं केली, शाईनं नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही पेन्सिलीनंच केली असती.

शुक्रवारी मी प्रयोगशाळेत होते. माझी पिशवी माझ्याजवळ होती आणि मुंगी नव्हती. साडेअकराला फोन वाजला. अठ्ठ्याहत्तर, बाण खाली. मी म्हटलं, बसच्या सीटला दंड टेकला असेल. मग आठवलं, ह्या वेळी तर ते कारखान्यात पोचलेले आहेत. बहात्तर. कुणीतरी धरलं असेल. वर्गबाईंनी? त्या नाही धरणार. का धरतील? सदुसष्ट. मी फोन उचलला, ठेवला. सातवा नियम माझाच होता. तीन आठवडे मी खोट्या आकड्याला खरा समजून धावले होते आणि आता खरा असेल की खोटा हे ठरवायला माझ्याजवळ ना तिचं बोट होतं ना तिचा दंड. आता बाईंनीही खोटा समजून सोडून दिलं तर? तिथे भट्ट्या होत्या, फिरते पट्टे होते आणि तिची हनुवटी होती.

"ताई," नाना म्हणाले.

"काय?"

"हात काढा. काटा हलतोय."

मी बघितलं. टेबलाची कड दोन्ही हातांनी आवळून धरलेली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. मी हात काढून मांडीवर ठेवले. तिथेही ते काही सुखानं बसले नाहीत.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना वर्गबाईंचा निरोप आला. 'हात धुतले. टोचलं. ६६. खरं आहे. गोळ्या दिल्या. भट्टीपासून लांब बाकावर बसलोय. हात लावलेला नाही.'

खरंच खाली गेली होती. माझ्याशिवाय, आणि तरी कोणीतरी बघत होतं. मी पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघितलं. सेन्सर एकसष्ट दाखवत होता. मी जागची हलले नाही. निरोप आला, '९७. उठून पाकिटं मोजायला गेली. मी बसलेच आहे अजून बाकावर, उठवत नाहीये.'

मी त्यांना लिहिलं, 'पाणी प्या.'

बस चारला येणार होती, मी साडेतीनला फाटकाशी होते. इतर आयाही होत्या, पण त्या नुकत्याच आल्यासारख्या दिसत होत्या. बस आली. मुंगी शेवटून तिसरी उतरली, जिच्याशी महिन्याभरापूर्वी ठरलं होतं त्या मुलीसोबत. हातात कारखान्यानं दिलेलं बिस्किटांचं पाकीट होतं, न उघडलेलं. वर्गबाई मागून उतरल्या, हात अजून पाठीमागे.

"खरंच गेले होते मी खाली," मुंगी मला म्हणाली, "सेन्सर बरोबर होता." तिला ह्याचा अभिमान वाटत होता असं दिसलं.

"कळलं मला."

"बाई घाबरल्या. मी नाही. तू घाबरलीस?"

"थोडी."

"किती थोडी?"

माझा हात आपोआप पुढे झाला होता, रोजच्या जागी, डाव्या दंडाकडे, आणि मी तो मधेच थांबवला. काय करावं ते न सुचून तो तसाच हवेत राहिला. मुंगीनं त्या हाताकडे बघितलं, मैत्रीण लांब गेली का ते बघितलं, पाकीट डाव्या हातात घेतलं आणि उजवा हात पुढे केला.

"हा धर," ती म्हणाली. "ह्याला काही लावलेलं नाहीये. पण रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंतच."